आधी कागद, मग गाडी

चांदणी चौक मागे टाकून पौडच्या रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावं ओळीनं येतात. पुण्यातल्या सोसायटीत एका गाडीला जागा मिळणं मुश्कील; इथं शेतघराच्या आवारात तीन गाड्यांची पत्र्याची शेड सहज उभी राहते. जुन्या मोटारी सांभाळणाऱ्याला मुळशी तालुका म्हणूनच सोयीचा वाटतो. शेड बांधून होते, कारागीर सापडतो, रंगाची छटाही ठरते. गाडी रस्त्यावर आणायची वेळ आली की मात्र आरटीओत पहिला प्रश्न विचारला जातो तो कागदांचा.

परदेशी बनावटीच्या जुन्या गाडीचं इंजिन, पत्रा, वायरिंग, आसनं असं सगळं पुन्हा उभं करता येतं. मनासारखा कारागीर आणि हाताशी पैसा असला की हे काम होतंच. कागदांची साखळी तुटली तर ती सांधायला यातलं काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून इसार देण्याआधी आणि गॅरेज गाठण्याआधी कागद पाहावेत. कोणते पाहायचे, ते कुठून मिळवायचे आणि आरटीओत त्यांचं पुढे काय होतं, हे या प्रकरणात पाहू.

गाडीचा सातबारा

मुळशीकरांना कागदाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथं जो सत्याग्रह झाला, तो जमिनीसाठीच होता. आजही जमीन घेणारा जाणता माणूस नुसत्या सातबाऱ्यावर भागवत नाही. तो जुने फेरफार काढायला लावतो आणि नाव कुणाकडून कुणाकडे कसं गेलं ते पाहतो. जुन्या मोटारीचंही तसंच आहे. आरसी बुक हा तिचा सातबारा, आणि त्यामागची विक्रीची, आयातीची, वारसाची प्रत्येक नोंद हा तिचा फेरफार.

या कागदांनी मिळून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. ही गाडी नेमकी कोणती? ती देशात कशी आली? आणि आज ती कुणाची? पहिल्याचं उत्तर कारखान्याच्या नोंदीतून आणि चासी नंबरातून मिळतं, दुसऱ्याचं सीमाशुल्क विभागाच्या कागदातून, तिसऱ्याचं नोंदणी पुस्तकातून आणि विक्रीखतातून. तिन्ही उत्तरांत एकच चासी नंबर दिसला पाहिजे. एखाद्या कागदावर तो वेगळा असेल, तर बाकीचे कितीही चोख असले तरी अर्ज अडतो.

परदेशी नावाची, पण इथं जुळवलेली

परदेशी नाव दिसलं म्हणून गाडी आयात केलेली असतेच असं नाही, आणि हे आधीच तपासलं तर पुढचे अनेक महिने वाचतात. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. तिथं सुटे भाग जहाजानं यायचे आणि शेवरोले जुळवून बाहेर पडायची. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या अमेरिकी गाड्या जुळू लागल्या. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सनं इंग्लंडच्या मॉरिस मायनरचा अवतार ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून काढला. १९५३ नंतर सरकारनं नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव ठेवला नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघींनीही गाशा गुंडाळला.

त्यामुळे जुन्या आवारात सापडलेली डॉज डेट्रॉइटहून आलेली असू शकते, तशी कुर्ल्याहूनही. कुर्ल्याची असेल तर तिचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, कधी निघालंच नाही. ते शोधत बसण्यात अर्थ नाही. जुनं आरसी बुकच तिचा मुख्य पुरावा. बॉनेट उघडून बनावटीची पट्टी वाचावी. जुळणी करणाऱ्या कंपनीचं नाव बहुधा त्या पट्टीवरच सापडतं.

या फरकाचे पैसेही मोजावे लागतात. केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेनं पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये केली आणि आयात मोटारीची ४०,०००. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० झाले. देशात जुळवलेल्या गाडीपुढे नोंदीत चुकून ‘आयात’ असा शेरा पडला, तर दर नूतनीकरणाला आठपट भुर्दंड बसतो.

तिसरा प्रकार संस्थानी गाड्यांचा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक बाहेर निघते, तेव्हा तिला पाहायला दसरा चौकात गर्दी लोटते. १९३० च्या दशकातली ही जर्मन गाडी. तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं आणि १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झालं. विलीनीकरणाआधीच्या संस्थानी गाड्यांचे आयातीचे आणि नोंदणीचे कागद संस्थानांच्या दप्तरांत विखुरलेले असतात. अशी गाडी हाती आली तर घरातले जुने फोटो, विम्याच्या पावत्या, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार असं काहीही टाकून देऊ नये. नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा एखादा फोटोसुद्धा गाडीच्या वयाच्या पडताळणीत कामाला येतो.

पन्नाशीची रेषा

व्हिंटेज गाड्यांसाठी देशभर एकच अशी स्वतंत्र नोंदणी बरीच वर्षं नव्हती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ८१-ए आणि त्यापुढचे नियम घातले, तेव्हा ती सुरू झाली.

या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. आयात गाड्याही यात येतात. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. ही अट आपल्याकडच्या गाड्यांना जाचक ठरू शकते. १९७३ नंतर पेट्रोल महागलं तेव्हा मोठ्या अमेरिकी गाड्यांतली पेट्रोल इंजिनं काढून डिझेल इंजिनं बसवण्याची लाट आली होती. अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर त्याच जातीचं मूळ इंजिन शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

अर्ज परिवहन पोर्टलवरून फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विम्याची पॉलिसी, फी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री आणि भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाची ५,०००. प्रमाणपत्र फॉर्म २३-ए मध्ये, साठ दिवसांत आणि दहा वर्षांसाठी मिळतं. जुना नंबर असलेल्या गाडीला तोच कायम ठेवता येतो. नव्यानं नोंद होणाऱ्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, मग मालिकेची दोन अक्षरं आणि चार आकडे. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था नवी मॉडेलं तपासते. पन्नाशी उलटलेल्या गाडीची पारख मात्र राज्यानं नेमलेली समिती करते.

नोंदणीचं असं ठरलं, तरी आयातीच्या धोरणात रेषा वेगळीच होती. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेली गाडी परवान्याशिवाय आणता यायची. त्यानंतरच्या गाड्यांना जुन्या वाहनांचा सर्वसाधारण नियम लागू होता: तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. म्हणजे १९६८ ची मॉरिस मायनर आरटीओच्या नियमात व्हिंटेज होती, पण तिला देशात येण्याची वाट नव्हती. विदेश व्यापार महासंचालनालयानं २०२५ च्या सुरुवातीला ही अडचण दूर केली. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी आता आणता येते आणि दर वर्षी ही रेषा एक वर्ष पुढे सरकते.

मधली पिढी मात्र अजून बाहेरच आहे. १९८५ ची एखादी सुंदर मर्सिडीज तीन वर्षांची अट कधीच ओलांडून गेली आणि पन्नाशीला अजून पोचलेली नाही. ती सहजासहजी आणता येईल, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे अधिसूचनेची प्रत मागावी. कोणत्याही आयातीत आगाऊ रक्कम देण्याआधी त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचणं हा खरेदीचाच भाग आहे.

तिकडून निघण्याआधी

समजा, लेस्टरमध्ये चाळीस वर्षं राहिलेलं एक मराठी कुटुंब आपली १९६८ ची मॉरिस मायनर मुळशीतल्या घरी आणायची म्हणतं. त्यांच्या हाती ब्रिटनच्या डीव्हीएलए या वाहन खात्याचं व्ही५सी हे नोंदणीपत्र असतं. गाडी कायमची देशाबाहेर जात आहे हे त्या खात्याला कळवावं लागतं. कळवण्याआधी व्ही५सीच्या सर्व पानांच्या स्वच्छ रंगीत प्रती काढून ठेवाव्यात. पहिल्या नोंदणीची तारीख त्यावर असते, आणि आपल्याकडची पन्नास वर्षं त्याच तारखेपासून मोजली जातात.

दुसरा कागद कारखान्याच्या दप्तरातला. गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा गाड्यांसाठी मूळ नोंदवह्यांवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं. गाडी कधी तयार झाली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, हे त्यातून कळतं. फोक्सवॅगनच्या जुन्या गाड्यांसाठी अशीच सोय जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या संग्रहालयात आहे. इंजिन मूळचंच आहे हे समितीला पटवायचं असेल, तर याहून भक्कम पुरावा नाही. तो गाडी जहाजावर चढण्याआधी मागवावा. चासी नंबर वाचण्यात चूक असेल तर ती तिथंच दुरुस्त होते.

अमेरिकेतून गाडी निघत असेल, तर मालकीचा कागद म्हणजे टायटल. निर्यातीआधी किमान ७२ तास ते गाडीसह तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ठेवावं लागतं. अमेरिकी गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायची. जुन्या काळी तिथल्या अनेक राज्यांत गाडीची ओळख म्हणून इंजिन नंबरच टायटलवर लिहीत. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची ओळख बहुतेक काळ तिच्या इंजिनावरच्या नंबरानं होती. आपला फॉर्म चासी नंबर वेगळा मागतो. टायटलवर एक नंबर आणि चौकटीवर दुसरा, असं दिसलं की आपल्याकडचा अधिकारी थांबणारच. त्या बनावटीच्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबकडून किंवा कंपनीच्या अभिलेखागाराकडून दोन्ही नंबर एकाच गाडीचे असल्याचं पत्र आधीच घ्यावं.

विक्रीखत, पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा, जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग आणि वाहतुकीचा विमा हे चार कागदही सोबत हवेतच. या सगळ्यांवर नाव एकसारखं हवं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि विक्रीखतात ते गाळलेलं, एवढ्याशा फरकानंही प्रतिज्ञापत्रांचं काम वाढतं.

बंदरातला सर्वांत महत्त्वाचा कागद

आयात गाडीच्या नोंदणीत बिल ऑफ एंट्रीला पर्याय नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ नुसार आयातदारानं माल सोडवण्यासाठी भरलेलं हे घोषणापत्र. गाडीचं वर्णन, किंमत, भरलेलं शुल्क आणि माल सोडल्याचा आदेश यांची नोंद त्यातून राहते. आरटीओच्या नजरेत गाडी देशात कायदेशीरपणे आल्याचा हाच पुरावा.

कस्टम हाउस एजंट हे बिल भरतो. तो रोज कंटेनरमागून कंटेनर सोडवत असतो. जुन्या गाडीचे नंबर त्याच्या परिचयाचे नसतात. म्हणून बिल दाखल होण्याआधी मसुदा मागून घ्यावा आणि चासी नंबर, इंजिन नंबर, बनावटीचं वर्ष एकेक अक्षर करून ताडून पाहावं. चूक नंतर लक्षात आली तर कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते. मात्र ती आयातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारावरच होते. मूळ कागद जपायचं हेही एक कारण.

आता पैसे. वापरलेल्या मोटारीवर मूळ सीमाशुल्क अनेक वर्षं १२५ टक्के होतं आणि त्यावर अधिभार. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्क्यांवर आला, पण ६७.५ टक्के कृषी उपकर लागला. एकूण भार १३७.५ टक्के होता तेवढाच राहिला. दहा लाख रुपये मूल्याची गाडी धरली तर पावणेचौदा लाख शुल्क. बेरीज २३ लाख ७५ हजार, आणि आयजीएसटी लागतो तो या बेरजेवर. लिलावात स्वस्त वाटलेली गाडी बंदरातून बाहेर पडेपर्यंत कुठे पोचते, हे आधी कागदावर मांडून पाहावं. किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. लिलावांचे आकडे जगजाहीर असतात आणि खोट्या किमतीचा कागद गाडीला कायमचा चिकटतो.

गाडी भेट मिळाली म्हणूनही शुल्क टळत नाही. मायकेल शूमाखरच्या हस्ते फियाटकडून सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना मिळाली. २००३ मध्ये तिच्यावरचं एक कोटीहून अधिक रुपयांचं सीमाशुल्क माफ करण्याचा सरकारचा निर्णय वादात सापडला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क फियाटनं भरलं. गाडी कुणाची आहे यावर शुल्क ठरत नाही, हा धडा साऱ्या देशानं तेव्हा पाहिला.

न्हावा शेवा किंवा मुंबई बंदरातून सुटलेली गाडी चालवत मुळशीला आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे. ती फ्लॅटबेड ट्रकवर लादून आणायची आणि वाहतुकीची पावती फाइलला लावायची.

पेन्सिलीचा ठसा

गाडी शेडमध्ये आली की चासी नंबरचा ठसा घ्यायचा. काम दहा मिनिटांचं, पण सारी नोंदणी त्यावर उभी राहते. फोक्सवॅगन बीटलचा नंबर मागच्या आसनाखाली, जमिनीच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. मॉरिस मायनरची पट्टी बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर रिव्हेट मारून बसवलेली. आधी मऊ फडकं आणि थोडं रॉकेल घेऊन माती व गंज सैल करायचा. मग नंबरावर पातळ कागद घट्ट धरायचा, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावायची आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. आकडे कागदावर पांढरे उमटतात, भोवती करडा रंग राहतो. ठसे चार-पाच घ्यावेत. एक अर्जाला, एक विम्याला, बाकीचे फाइलला.

इथं ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू नये. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ठोकलेले आकडे गंजानं आधीच उथळ झालेले असतात. घासले तर उरलेली खोली जाते. घासलेला चकचकीत पट्टा तपासणाऱ्या निरीक्षकाला आकडे बदलल्याची खूण वाटू शकतो. रंगकामाला गाडी देतानाच कारागिराला सांगून ठेवावं की पट्टी काढायची नाही, तिच्यावर पुट्टी चढवायची नाही आणि रिव्हेटला हात लावायचा नाही. मुळशीच्या पावसात बंद शेडमध्ये चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पट्टीवर पावसाआधी ग्रीसचा पातळ हात द्यावा.

आजच्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. जुन्या कंपन्यांनी अशी खबरदारी घेतली नव्हती आणि त्यांचे नंबर छोटेही असत. ऑनलाइन अर्ज भरताना सतरा घरं भरण्यासाठी कुणी पुढे शून्यं जोडली, तर ती विम्यात एक प्रकारे, बिलात दुसऱ्या आणि आरसीत तिसऱ्या प्रकारे उतरतात. पट्टीवर जे आहे तेच, तेवढंच, सगळीकडे लिहायचा आग्रह धरावा.

साखळी तुटलेली असेल तर

मुळशीत परदेशाहून थेट गाडी येण्यापेक्षा जास्त वेळा घडतं ते वेगळं. पौडजवळच्या एखाद्या आवारात पन्नासच्या दशकातली प्लायमाउथ वीस वर्षं उभी आहे. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, पुस्तकाला बुरशी लागलेली आणि नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतला. अशा वेळी कामांचा क्रम पाळला तर वाट निघते.

पहिलं काम, ज्या कार्यालयात शेवटची नोंद झाली तिथून गाडीचा अधिकृत तपशील काढणं. जुन्या नोंदवहीत तो सापडला की दुसरी मागणी बॅकलॉग एंट्रीची, म्हणजे वहीतली नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढवण्याची. जुन्या गाड्यांच्या नोंदी पुष्कळदा वह्यांतच राहिलेल्या असतात, आणि प्रणालीत नसलेल्या गाडीचं पुढचं एकही ऑनलाइन काम होत नाही. पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ नं दुय्यम प्रत मागायची. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१; सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे आणि इतर वारसांची संमती. विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना सगळे टीटी फॉर्म म्हणतात. दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथली फॉर्म २८ ची ना हरकत. थकलेला कर आणि पर्यावरण कर यांचा हिशेब याच टप्प्यावर लेखी घ्यावा.

मालक मुंबईत आणि गाडी मुळशीत, असं असेल तर कोणतं कार्यालय गाठायचं? मोटार वाहन कायद्याचं कलम ४० मालकाचं राहण्याचं किंवा व्यवसायाचं ठिकाण आणि गाडी नेहमी जिथं ठेवली जाते ती जागा धरून चालतं. २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यातल्या कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद कायद्यात आणली. कुठेही गेलात तरी पत्त्याचा पुरावा आणि विम्यावरचा पत्ता एकच असावा.

ही सगळी धावपळ स्वतः केली तर वेळ लागतो, पण प्रत्येक कागद कशासाठी आहे हे समजतं. एजंट नेमला तरी मूळ कागद त्याच्या पिशवीत सोडू नयेत. प्रती द्याव्यात आणि मूळ कागद पडताळणीच्या दिवशी स्वतः न्यावेत.

खोट्या कागदाचा मोह

साखळी सांधायला महिने लागतात असं दिसलं की कुणीतरी जवळची वाट सुचवतं. भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलचं आरसी मिळवायचं, त्याचा नंबर या चौकटीवर ठोकायचा आणि गाडी त्या नावानं फिरवायची. हा सरळसरळ बनावटीचा गुन्हा आहे. शिवाय त्यानं एका गाडीचा खरा इतिहास पुसला जातो आणि दुसरीच्या माथी खोटा मारला जातो.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागानं ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावानं केरळात छापे घातले. भूतानमार्गे आणलेल्या जुन्या महागड्या गाड्यांची बनावट कागदांवर भारतात नोंदणी झाल्याचा तो तपास होता. चौकशी तेव्हाच्या ताबेदारांच्या दारात पोचली. विकत घेणाऱ्यानं यातून एवढं घ्यावं की आरसी हातात असणं पुरेसं नाही. आयात गाडीचं बिल ऑफ एंट्री पाहायचं, आणि त्याची खातरजमा सीमाशुल्क विभागाकडून करून मगच व्यवहार पुरा करायचा.

नंबर मिळाल्यावर

व्हिंटेज म्हणून नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथं जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात चक्कर मारायची हौस असेल, तर ती एखाद्या क्लबच्या जाहीर रॅलीत भागवावी आणि रॅलीचं पत्र गाडीत ठेवावं. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम १२० लागू होतं. ठरवून दिलेलं, चालू स्थितीतलं इशारा देणारं यंत्र असल्याशिवाय ती सार्वजनिक जागी चालवता येत नाही. गाडी विकली तर घेणारा आणि देणारा दोघांनीही नव्वद दिवसांत आपापल्या परिवहन अधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

हे निर्बंध काहींना जाचक वाटतात. पण जगात सगळीकडे जुन्या गाडीला वेगळी वागणूक मिळते ती अशाच देवाणघेवाणीतून. जुन्या वाहनांची फिवा ही जागतिक संघटना ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येतच सांगते की ते किमान तीस वर्षांचं असावं, मूळ रूपात जपलेलं असावं आणि रोजच्या वाहतुकीला वापरात नसावं. जर्मनीनं १९९७ पासून अशा गाड्यांना नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर दिलं, तेही तीस वर्षं पूर्ण आणि मूळ रूप या अटींवर. धूर, सुरक्षा आणि सुटे भाग यांबाबत आजचे निकष जी गाडी पुरे करू शकत नाही, तिला समाज रस्त्यावर जागा देतो ती एक दस्तऐवज म्हणून. दस्तऐवजाला त्याचा पुरावा सोबत लागतोच.

म्हणून गाडीइतकीच तिची फाइल सांभाळावी. कारखान्याचा दाखला, परदेशातलं नोंदणीपत्र, विक्रीखत, बिल ऑफ लेडिंग, बिल ऑफ एंट्री, शुल्काची चलनं, चासीचे ठसे, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि विम्याच्या सगळ्या जुन्या पॉलिसी. एक संच शेडपासून दूर, शहरातल्या कोरड्या कपाटात. स्कॅन केलेला दुसरा संच घरातल्या आणखी एका माणसाकडे. शिवडीचा आणि कुर्ल्याचा कारखाना आता नाही आणि संस्थानांचे मोटारखानेही मोडले. त्या काळाची मोटार या मुलखात कशी आली, कुणी चालवली, कुणी जपली, हे पुढच्या पिढीला कळायचं साधन म्हणजे ही फाइल. ती पुरी करून पुढच्या मालकाच्या हाती देणं हे गाडी चालती ठेवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि ते प्रत्येक मालकानं आपल्या हयातीत करायचं आहे.